फोकस तुमचा, दुर्लक्ष कोणाचं?

वाशिममधल्या एका अभ्यासिकेत दोन वर्षं माझ्या समोरच्या भिंतीवर एकच पोस्टर होतं. वाघाचे डोळे आणि खाली तीन अक्षरं : फोकस. मार्गदर्शनाला येणारे सर तेच सांगायचे, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला तेच असायचं. भरतीच्या यादीत नाव न आलेला मित्रही तेच म्हणाला, ‘माझाच फोकस नव्हता यार.’

मला हा शब्द पहिल्यांदा खटकला तो तेव्हा. कारण त्याच्या रात्री कशा जायच्या ते मी पाहिलं होतं. सोयाबीन उभं असलं की तो जागलीला, कारण रोही आणि रानडुकरं एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पीक आडवं करतात. हरभऱ्याच्या दिवसांत लाईन रात्रीची, म्हणून ओलितही रात्रीच. सकाळी आठला तो अभ्यासिकेत, डोळे लाल. हा पोरगा आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त तास लक्ष देत होता, फक्त ते पुस्तकाला मिळत नव्हतं.

इंग्रजी शब्दांशी माझं भांडण नाही. आमच्याकडे फोकस हा शब्द जुनाच आहे. लग्नाच्या मांडवात फोकस लावतात, जागलीत टॉर्चचा फोकस मारतात. तो बाहेर पडतो, समोरचं दाखवतो. पोस्टरवरच्या फोकसनं मात्र तोंड फिरवलं आहे. त्याचा झोत तुमच्याच डोळ्यांवर आहे : नापास झालास ना, मग चूक तुझी.

आता आपला शब्द बघा. लक्ष देतात, ठेवतात, घालतात, वेधतात. लक्ष कोणाकडं तरी द्यावं लागतं, कोणाकडून तरी मागता येतं. ‘साहेब, जरा लक्ष असू द्या,’ असं आपले आजे-बाप कचेऱ्यांच्या दारात उभं राहून म्हणत आले. ‘साहेब, फोकस असू द्या,’ असं म्हणून बघा बरं! जमत नाही. लक्षाच्या उलट दुर्लक्ष, आणि दुर्लक्ष म्हटलं की ते कोणी केलं, हा प्रश्न आलाच. फोकसच्या उलट डिस्ट्रॅक्शन. तिथं आरोपी एकच : तुम्ही आणि तुमचा मोबाईल.

रील्स वेळ खातात, मान्य. माझाही खातात. पण मोबाईल फेकला म्हणून रात्रीची लाईन दिवसा येत नाही.

हीच चलाखी मोठ्या पातळीवरही झालेली आहे. वाशिम 1 जुलै 1998ला अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. आमच्या भागाला तेव्हा ‘मागास’ म्हणत. शब्द बोचरा होता, पण त्यात एक प्रश्न होता : मागं कोणी ठेवलं? 1983 साली नेमलेल्या दांडेकर समितीनं त्याच प्रश्नाचं गणित मांडलं होतं आणि ‘अनुशेष’ हा शब्द घरोघरी गेला. अनुशेष म्हणजे कोणाचं तरी कोणाला तरी देणं. जानेवारी 2018मध्ये केंद्रानं देशभरातले शंभरावर जिल्हे ‘आकांक्षित’ ठरवले. महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि वाशिम. 49 निकष लावून कोणी किती प्रगती केली, याची क्रमवारी सुरू झाली. मोजणी वाईट नाही, तिच्यामुळं कामंही हलतात. पण शब्दानं काय केलं ते बघा. मागासाचं देणं असतं, आकांक्षिताची फक्त इच्छा असते. नंबर घसरला तर इच्छाच कमी पडली म्हणायचं.

शेवटी एक गोष्ट पोस्टर छापणाऱ्यांसाठी. लॅटिनमध्ये ‘फोकस’ म्हणजे चूल. केप्लरनं 1604 साली प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात तो शब्द शंकुच्छेदांच्या खास बिंदूंसाठी वापरला, आणि पुढं तो किरण एकवटण्याच्या बिंदूला लागला. लहानपणी भिंगानं कागद जाळला असेल तर तुम्हाला हे ठाऊक आहे : भिंग कितीही चांगलं असो, ढगाळ दिवशी कागद जळत नाही. ऊन बाहेरून यावं लागतं. झोप, दिवसाची वीज, पिकाला कुंपण, वेळेवर निघणारी भरती, हे ते ऊन. ते अडवून ठेवायचं आणि पोराला म्हणायचं, भिंग नीट धर!

म्हणून माझ्या त्या मित्राला आणि अभ्यासिकेत बसून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. अभ्यास करा, मन लावून करा. पण पुढच्या वेळी कोणी ‘फोकस कर’ म्हणालं, तर त्याला विचारा, ‘करतो. तुमचं लक्ष कुठी हाय?’