पाळणाघर नसेल, तर मोबाइलच पाळणा

मूल मोबाइलशिवाय जेवत नाही, बोलायला उशीर होतोय, रात्री झोपत नाही. अशा तक्रारी आता गावखेड्यांतूनही येतात आणि दोष बहुधा आईच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात या प्रश्नात दोन कंपन्यांचा वाटा असतो. एक, आईबाबांना काम देणारी आणि दुसरी, मोबाइलमधले अ‍ॅप चालवणारी.

बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की, २ वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. २ ते ५ वयात दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. कारण मूल बोलायला शिकते ते समोरच्या माणसाने प्रतिसाद दिल्यामुळे. एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ असा प्रतिसाद देत नाहीत.

पण सोबत बसायला वेळ कोणाकडे आहे? गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी, तेंदूपत्ता तोडणी, बिडी वळणे ही कामे मुख्यतः बायकांच्या हातांवर चालतात. बिडीची मजुरी हजारी मोजली जाते. मुलाला घेण्यासाठी हात थांबला, की मजुरी थांबते. अशा वेळी मोबाइल हेच पाळणाघर होते. बिडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने कारखान्यात पाळणाघर सांगितले होते. घरी बिडी वळणारीला त्याचा उपयोग नव्हता.

२०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. त्या दुरुस्तीने दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा दिली, पण ती फक्त आईला. खासगी नोकरीतल्या बापाला पितृत्व रजेचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे मूल सांभाळणे हे बाईचेच काम, हे कायद्यानेही गृहीत धरले. मग बाईला कामावर घेणे महाग, असा हिशेब मालक करतो.

दुसरी कंपनी अ‍ॅपची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांना बहुतांश तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. मात्र दोन वर्षांचे बाळ आईच्याच खात्यावर व्हिडिओ पाहते. कंपनीच्या लेखी तिथे मूल नसतेच.

मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. पण कायद्याने बंधनकारक असलेले पाळणाघर त्या खर्चात दाखवता येत नाही. ते दान नव्हे, कर्तव्य आहे. तो निधी घरकाम व शेतमजुरी करणाऱ्यांच्या वस्तीत, अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांसाठी वापरता येईल. आईबापांना मोबाइल कमी करा असे जरूर सांगावे, पण त्याआधी त्या वेळेत मूल कोण सांभाळणार, याचे उत्तर मालकाकडे मागायला हवे.