गोळी सुटत नाही, की नीट सोडवली जात नाही?

‘आता चांगली हसतेबोलतेस की! मग कशाला चालू ठेवल्यास त्या गोळ्या?’ नैराश्यावर औषध घेणाऱ्याच्या घरात तीन-चार महिन्यांनी हा प्रश्न हमखास निघतो. विचारणारी आई असते, सासू असते, कधी शेजारच्या काकू असतात, आणि त्यांच्या मनात काळजीच असते. घेणाऱ्यालाही नेमकं हेच ऐकायचं असतं. मग एक दिवस गोळी बंद होते. डॉक्टरांना कळवलं जात नाही, कारण कळवलं तर ते आणखी सहा महिन्यांच्या लिहून देतील. चार दिवसांत गरगरायला लागतं, मळमळतं, झोप उडते, मान वळवली की डोक्यातून वीज गेल्यासारखी झिणझिणी येते. घाबरून गोळी परत घेतली की दोन-तीन दिवसांत सगळं शांत. घरचा निकाल तयारच असतो: ‘बघ, म्हटलं नव्हतं? सवय लागली.’

निकाल चुकीचा आहे, पण त्यामागचा पुरावा खोटा नाही. या औषधांची बाजू मांडणाऱ्यांनी आधी हे कबूल करायला हवं. कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी अशा तक्रारींवर ‘आठवडाभरात जाईल’ म्हणून हात झटकत आली. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने २०१९ मध्ये आपली भूमिका बदलली आणि काहींना हा त्रास तीव्र व दीर्घकाळ होऊ शकतो, हे जाहीरपणे मान्य केलं. त्यामुळे ‘मला त्रास झाला’ म्हणणाऱ्याला वेड्यात काढण्याचा हक्क आता कुणालाच उरलेला नाही. प्रश्न आहे तो किती जणांना, हा. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात २०२४ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांनी काही ना काही लक्षणं सांगितली. पण औषध नसलेली, नुसती दिसायला सारखी गोळी ज्यांची थांबवली, त्यांच्यातल्याही सुमारे १७ टक्क्यांनी तीच तक्रार केली. वजाबाकी केली की साधारण सहा-सात जणांमागे एकाचा त्रास औषध थांबल्यामुळे म्हणता येतो, आणि तीव्र त्रास सुमारे पस्तिसांत एकाला. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण याहून जास्त असू शकतं, कारण बरेचसे अभ्यास काही आठवडे किंवा महिनेच औषध घेतलेल्यांवरचे आहेत.

पण याला व्यसन म्हणायचं का? व्यसनात माणूस नशेसाठी घेतो, मात्रा वाढवत नेतो, मिळालं नाही तर उसनवारी करून मिळवतो. सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन घेऊन कुणाला किक बसत नाही. उलट बहुतेकांना ती घ्यायची आठवण करून द्यावी लागते. प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबाची, धडधडीची गोळी एकदम बंद केली तर धडधड उसळून येते, छातीतही दुखू शकतं. म्हणून रक्तदाबाच्या पेशंटला कुणी व्यसनी ठरवत नाही.

तरीही हा समज इतका घट्ट का बसला, हे कळायला गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचावी लागतात. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम ही दोन औषधं भारतात एकाच गोळीत सर्रास मिळतात. ब्रँडचं नाव ठसठशीत, आणि त्याखाली डोळे ताणून वाचावं अशा अक्षरांत दोन नावं, दोन आकडे. पहिलं नैराश्याचं औषध. त्याचा गुण यायला आठवडे लागतात. दुसरं चिंता दाबणारं, झोप आणणारं. ते तासाभरात काम करतं. पहिल्याच रात्री गाढ झोप लागते आणि माणूस म्हणतो, गोळी लागू पडली. लागू पडलेली असते ती दुसरी. आणि शरीराला खरोखर सवय लावते तीही दुसरीच. महिनोन् महिने घेतलेलं क्लोनाझेपॅम एकदम थांबवलं तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणजे आरोप खरा, आरोपी चुकीचा. शिवाय दोन्ही एकाच गोळीत कोंबल्यावर एक हळूहळू कमी करायचं आणि दुसरं चालू ठेवायचं, ही सोयच राहत नाही. असली जोडगोळी महिनोन् महिने लिहून देणारे डॉक्टर आणि नुसतं रिकामं पाकीट दाखवलं की नवी स्ट्रिप काढून देणारे दुकानदार, दोघांनीही या बदनामीला हातभार लावला आहे.

दुसरा आक्षेप अलीकडचा आणि शिकलेल्यांचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मानसोपचारतज्ज्ञ जोॲना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०२२ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला: नैराश्य मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या कमतरतेमुळे येतं, याला सुसंगत पुरावा सापडत नाही. लगेच निष्कर्ष निघाला की सिद्धान्त खोटा, म्हणजे गोळ्याही खोट्या. यातलं पहिलं बऱ्याच अंशी बरोबर आहे. दुसरं त्यातून निघत नाही. ही औषधं सेरोटोनिनच्या सिद्धान्तातून जन्मलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात १९५२ च्या सुमारास क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड दिलं जात होतं, आणि अंथरुणाला खिळलेले, खंगलेले पेशंट उत्साहाने वावरू लागले. स्वित्झर्लंडचे डॉक्टर रोलँड कुन इमिप्रामिन हे रसायन स्किझोफ्रेनियावर तपासत होते. तिथे ते फारसं चाललं नाही, नैराश्याचे पेशंट मात्र सुधारले, आणि १९५७ मध्ये त्यांनी तसं लिहिलं. गुण आधी दिसला, कारण नंतर शोधलं गेलं. ‘मेंदूतलं एक रसायन कमी पडलंय, ते भरून काढू’ ही सोपी गोष्ट कंपन्यांना आणि घाईतल्या डॉक्टरांना सोयीची होती. ती मोडीत निघाली याचं दुःख करायचं कारण नाही.

औषधाचा गुण येतो की नाही, हे तपासायची रीत वेगळी आहे. संशोधक आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांची गोळाबेरीज मांडली, एक लाख सोळा हजारांहून अधिक माणसं आणि २१ औषधं. एकवीसच्या एकवीस औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. मात्र हा सरसपणा सरासरीने बेताचाच होता, आणि चाचण्या बहुधा आठ आठवड्यांच्या होत्या. सौम्य नैराश्यात तर औषधाचा फायदा इतका थोडा की ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तिथे पहिला उपाय म्हणून सरसकट गोळी देऊ नका, असंच सांगतात. परीक्षेत कमी मार्क पडले, लग्न मोडलं, आठवडाभर जेवण गेलं नाही, एवढ्यावर स्ट्रिप हातात ठेवणारा डॉक्टर विज्ञानाच्या बाजूला नाही.

मग ‘गोळ्या कशाला, कुणाशी तरी मोकळं बोललं की झालं’ हे तरी खरं का? अर्धं खरं, आणि त्याचा उत्तम पुरावा आपल्या शेजारचाच आहे. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या पेशंटांसाठी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशक मानसशास्त्राची पदवी घेतलेले नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. थोड्याच बैठका झाल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांतले ३९ टक्के. म्हणजे बोलण्यात दम आहे. पण ते बोलणं शिकवलेलं, ठरावीक पद्धतीचं, माणसाला पुन्हा कामाला लावणारं होतं. कट्ट्यावरचा ‘अरे, पॉझिटिव्ह विचार कर’ हा सल्ला त्या हिशेबात धरता येत नाही. ज्याला अंथरुणातून उठून तोंड धुणंही डोंगराएवढं वाटतं, त्याला त्या बैठकीपर्यंत पोचवायला कधी कधी गोळीच लागते.

‘एकदा सुरू केली की आयुष्यभर’ ही भीतीही आकड्यांपुढे टिकत नाही. ब्रिटनमधल्या अँटलर चाचणीत (२०२१) दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या, आता बरं वाटू लागलेल्या ४७८ जणांची विभागणी केली गेली. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांतल्या ३९ टक्के लोकांना नैराश्य परत आलं. हळूहळू बंद केलेल्यांतल्या ५६ टक्क्यांना. बंद करण्यात जोखीम आहेच. पण बंद केलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. मधुमेहाच्या इन्शुलिनचा दाखला देऊन कायमची गोळी गळी उतरवणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही पेशंटला सांगावा.

तर मग नीट घ्यायची कशी? सुरुवात चिठ्ठी लिहिली जाण्याआधीच होते. पूर्वी कधी झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, बडबड, वारेमाप खर्च असे दिवस येऊन गेले असतील तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. द्विध्रुवी आजारात नुसती नैराश्याची गोळी माणसाला उन्मादाकडे ढकलू शकते. थायरॉइड तपासून घेतलेलं बरं. आणि घरात जे जे औषध चालू आहे त्याची यादी समोर ठेवावी, खोकल्याच्या सिरपासकट. कारण अनेक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, कंबरदुखीवर ट्रॅमाडॉल लिहिलं जातं, आणि ही औषधं नैराश्याच्या गोळीशी मिळून कधी कधी थरथर, घाम, ताप, भ्रम असा जिवावर बेतणारा प्रसंग आणतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर दिलं जाणारं लिनेझोलिड त्याच पंक्तीतलं. ते काही अंशी जुन्या आयप्रोनियाझिडसारखंच काम करतं. क्षयाच्या वॉर्डात सुरू झालेली ही गोष्ट अशी फिरून क्षयाच्या दवाखान्यात येते. तिथल्या डॉक्टरांपासून मनाची गोळी लपवणं महागात पडू शकतं.

म्हाताऱ्या माणसांत एक वेगळाच घोटाळा होतो आणि तो सहज निसटतो. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत आजी एकाएकी बरळायला लागल्या, तोल जाऊन पडल्या, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू असेल तर. साधी रक्ततपासणी पुरते. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणाऱ्यांनाही जपावं लागतं. दोन्ही मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पहिले पंधरा दिवस बहुधा त्रासाचेच. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा आधी येतो, गुण नंतर. चार-सहा आठवड्यांआधी औषधाची परीक्षा होत नाही. पंचविशीच्या आतल्यांबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुला-मुलींसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक चौकटीतला इशारा या औषधांवर छापायला लावला. औषध देऊच नका, असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या आठवड्यांत आणि डोस बदलताना मुलाला एकटं सोडू नका, चिडचिड, बेचैनी वाढली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा, हा त्याचा अर्थ. आणि लैंगिक इच्छा मंदावते, हा दुष्परिणाम कुणी तोंडाने सांगत नाही. लोक गुपचूप गोळी सोडतात. इथे डॉक्टरांनीच विचारायला हवं. डोस किंवा औषध बदलून बऱ्याचदा मार्ग निघतो. दिवस राहिले म्हणून घाबरून आपल्या मनाने बंद करणं हाही असाच एक अविचार.

राहता राहिलं थांबवणं. पहिल्याच खेपेचं नैराश्य असेल तर बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने, वारंवार आलेलं असेल तर त्याहून जास्त, हा सर्वसाधारण हिशेब. त्यानंतर उतरायचं ते पायरी पायरीने, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हे मेंदूवरच्या परिणामाच्या आलेखाने दाखवलं: वीसवरून दहा मिलिग्रॅमवर येताना मेंदूला फारसा फरक जाणवत नाही, पाचवरून शून्यावर येताना खूप जाणवतो. आपल्याकडे मात्र ‘एक दिवसाआड घ्या, मग बंद करा’ हा सल्ला रूढ आहे. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं शरीरातून लवकर निघून जातात; त्यांच्या बाबतीत दिवसाआड घेणं म्हणजे दर दुसऱ्या दिवशी थोडं थोडं बंद करणं. रोजची मात्रा कमी करावी, दिवस गाळू नयेत. आणि हळूहळू विरघळणारी गोळी आपल्या हाताने मोडू नये. औषध थांबवल्यावर दोन-चार दिवसांतच गरगरणं, झिणझिण्या आल्या तर ते बहुधा औषध उतरल्याचं लक्षण. उदासी आठवड्या-महिन्यांनी हळूहळू दाटून आली तर आजार परतल्याची शंका घ्यावी. घरच्यांनी तारखा लिहून ठेवल्या तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

यासाठी डॉक्टरांनी पाच मिनिटं जास्त द्यायला हवीत, हे खरंच आहे. गोळी कशासाठी, किती महिने आणि कशी उतरवणार, हे पहिल्या चिठ्ठीवरच लिहिलं जावं, आणि लिहिलं नसेल तर पेशंटने मागून घ्यावं. भारतात नैराश्य, चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत, असं निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं होतं. जी थोडी माणसं दवाखान्याची पायरी चढतात, त्यांची गोळी अर्ध्यातून सोडवण्याची घाई घरच्यांनी करू नये. शंका असेल तर पेशंटबरोबर जावं आणि डॉक्टरांसमोरच विचारावी. डॉक्टर हाताशी नसतील, किंवा जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलून दाखवलं, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालू असते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.