माझ्या रजेचं बिल तिच्या नावावर?

सर,

तुमचं नाव लिहीत नाही. हे कुणाला उद्देशून आहे ते तुम्हाला लगेच कळेल. बाणेर ते हिंजवडी या पट्ट्यात आणखी चार जणांना वाटेल की आपल्यालाच लिहिलंय. वाटू दे.

त्या दिवशी मुलाखतीच्या पॅनेलवर तुम्ही मला का बसवलं होतं?

मुलगी चांगली होती, हे तुम्हीच फॉर्मवर लिहिलंत. कोल्हापूरची. ज्या क्वेरीपाशी आपले जुनेजाणतेही अडतात, ती तिने बोर्डवर उभ्या उभ्या सोडवली. ती पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा तुम्ही माझ्याकडे झुकून म्हणालात, "लग्न झालेलं दिसतंय. पुढचं काय प्लॅनिंग आहे ते तू विचार. बाईने विचारलं की वाईट दिसत नाही."

मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघून उत्तर तुम्हीच ठरवून टाकलंत. ती गेल्यावर म्हणालात, "जॉइन होईल आणि सहा महिन्यांत गोड बातमी देईल. मागचा अनुभव आहे ना आपल्याला."

तो मागचा अनुभव तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता, सर. तुम्हाला एवढंही भान राहिलं नाही?

आठवून बघा. २०१७ च्या एप्रिलमध्ये बाळंतपणाची १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हा तुम्ही अख्ख्या मजल्याला कँटीनमध्ये बोलावलं होतंत. केकही होता. कायद्याने द्यावंच लागणार होतं ते तुम्ही असं सांगितलंत, जणू कंपनी आम्हाला भाऊबीज घालते आहे. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघर सक्तीचं होणार होतं. तुम्ही म्हणालात, आपण सक्तीची वाट बघायची नाही. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या!

माझ्या डोहाळजेवणाला मुलींनी माझं डेस्क सजवलं, तेव्हाही तुम्हीच पुढे होतात. "मी तुला मोठ्या भावासारखा. निर्धास्त जा, तुझी खुर्ची कुठे जात नाही." खुर्ची खरंच कुठे गेली नाही. क्लायंट गेला, टीम गेली, आणि अप्रेझलला मला ऐकवलंत, "वर्षभराचं काम दिसत नाही गं." वर्षातला अर्धा काळ मी कुठे होते, हे तुमच्याच सहीच्या कागदावर होतं ना?

आणि ते पाळणाघर! तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीच्या भिंतीवर हत्ती आहे, जिराफ आहे. जिराफाच्या मानेपर्यंत बंद पडलेले मॉनिटर रचलेत. पुढे मोडक्या खुर्च्या, दिवाळीच्या माळांचे खोके. तपासणी असली की खोके गच्चीवर जातात, निळी सतरंजी अंथरली जाते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी खोके परत खाली. आईला दिवसातून ४ वेळा पाळणाघरात जाऊ द्यावं, असं कायदा म्हणतो. मी कुणाकडे जायचं, जिराफाकडे?

माझं बाळ सोसायटीतल्या काकूंकडे असतं. त्या सात वाजता कुलूप लावतात. अमेरिकेचा कॉल तुम्ही साडेसहाला ठेवता. यावर आपलं बोलणं झालेलं आहे, पुन्हा उगाळत नाही.

ते सगळं मी गिळलं, कारण ते माझ्यापुरतं होतं. पण माझी रजा तुम्ही त्या मुलीच्या खात्यावर का मांडलीत? तिने तुमच्याकडून काय घेतलं होतं? रजेच्या पगारासाठी आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम भरलेलं लागतं, तेही त्याच मालकाकडे. नोकरी बदलताना तो हिशेब तिला शून्यापासून सुरू करावा लागणार होता. तरी ती आली. जोखीम तिने घेतली आणि घाबरलात तुम्ही?

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. कामगार विमा योजनेत बसणाऱ्या बाईचे पैसे महामंडळ देतं. आमच्यासारखीचा पूर्ण पगार कंपनीच्या खिशातून जातो. सरकारने यात वाटा उचलायला हवा, हे तुमचं म्हणणं मी जेवताना कितीदा मान्य केलंय. १४ एप्रिलला आपण ज्यांच्या तसबिरीला हार घालतो, ते डॉ. आंबेडकर १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असं त्यांनीही म्हटलं होतं. पण म्हणून मालकाला त्यांनी मोकळं सोडलं नाही. तेव्हा आमदारांना भेटा, तुमच्या त्या उद्योजकांच्या संघटनेत ठराव मांडा, मी मसुदा लिहून देते. तिथे एक शब्द काढायचा नाही आणि कोल्हापूरहून आलेल्या पोरीपुढे हिशेब मांडायचा, हा कुठला न्याय?

हे नवीनही नाही. पूर्वी आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्मवर बाईला पाळीच्या तारखा आणि गर्भारपणाबद्दल विचारत. नीरा माथूर यांना त्यावरूनच कामावरून काढलं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकाने काढून टाकायला सांगितले. तुमच्या फॉर्मवर असा रकाना नाही. त्याच्या जागी तुम्ही मला बसवू पाहत होतात.

नेमणूक होतानाच प्रत्येक बाईला बाळंतपणाच्या सवलती लेखी कळवायच्या असतात. माझ्या पत्रात तो परिच्छेद आहे. या वर्षीच्या मुलींच्या पत्रांत मला तो दिसला नाही. गळला, की गाळलात?

काल एचआरचा मेल आला. पॅनेलवरून माझं नाव काढलंय. कारण लिहिलंय, बाळ लहान आहे, ताण कमी व्हावा म्हणून. साडेसहाचा कॉल मात्र आहे तसाच आहे.

तिचा अर्ज अजून 'होल्ड'वर आहे, मी सिस्टीमवर बघितलं. घेणार असाल तर या आठवड्यात कळवा, तिचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. घेणार नसाल तर "आम्हाला अधिक अनुभवी उमेदवार मिळाला" असं तिला लिहू नका. कारण काय ते मी ऐकलं आहे.

तुमच्याच टीममधली