ओवी संपते, वाक्य संपत नाही

गेले तीन वीकेंड ज्ञानेश्वरी घेऊन बसलोय. आई खूश आहे, तिला वाटतंय मुलगा मार्गाला लागला. प्रत्यक्षात मी मजकुराला टॅग लावतोय. बाबांना नीट शोधता येईल अशी एक्सएमएल फाइल करून द्यायची, एवढीच माफक इच्छा. अध्याय, त्यात ओवी, ओवीत चरण. १८ अध्याय, ९ हजारांच्या आसपास ओव्या. सगळं एकात एक, डब्यात डबा बसावा तसं.

मग उपमा आणि संवाद यांना टॅग लावायला घेतले आणि गाडी अडली. एका ओवीत 'जैसें' येतं, त्याचं 'तैसें' येतं दोन-तीन ओव्यांनी. 'अर्जुन म्हणे' ओवीच्या मध्येच येतं आणि बोलणं पुढच्या चार ओव्यांत चालू राहतं. म्हणजे संवादाचा टॅग ओवीच्या पोटात उघडतो आणि भलत्याच ओवीत बंद होतो:

<ओवी> … <संवाद> … </ओवी> <ओवी> … </संवाद> … </ओवी>

(हो, एक्सएमएलमध्ये टॅगचं नाव देवनागरीत चालतं. करून बघा, मजा येते.) एचटीएमएलमध्ये बोल्ड आणि इटॅलिक असे एकमेकांत अडकले तर ब्राउझर निमूट सांभाळून घेतो. एक्सएमएलचा पार्सर तिथेच थांबतो. आधी उघडलेला टॅग शेवटी बंद झाला पाहिजे, नाहीतर ती फाइल एक्सएमएलच नाही.

आता चूक कोणाची? ज्ञानेश्वरांची नक्कीच नाही. १९९० साली डीरोझ, डुरँड, मायलोनास आणि रेनियर या चौघांनी एका लेखात मांडलं होतं की मजकूर म्हणजे मुळात घटकांची एक क्रमवार उतरंड, म्हणजेच झाड. नंतर त्यांच्यातल्याच काहींनी कबूल केलं की एकाच मजकुरात अशा अनेक उतरंडी असतात आणि त्या एकमेकींना छेदतात. १९८६ च्या एसजीएमएलमध्ये यासाठी 'कॉन्कर' नावाची सोय होती: एकाच मजकुरावर दोन वेगळ्या रचना. फारसं कोणी वापरलं नाही, आणि १९९८ च्या एक्सएमएलमधून ती गेलीच.

टीईआय या मजकूर टॅग करायच्या नियमावलीत यावर उपाय दिलेत. संवादाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यावर पुढचा-मागचा दुवा लिहा. किंवा सुरुवातीला एक रिकामा टॅग खुणेसारखा ठोका, शेवटी दुसरा. दोन्ही चालतात, पण संवाद सलग आहे हे पार्सरला कळत नाही, ते आपल्या कोडला लक्षात ठेवावं लागतं.

मला विचाराल तर टॅग मजकुराच्या बाहेर काढावेत. मूळ मजकूर एका फाइलमध्ये, आणि 'इथपासून इथपर्यंत उपमा' ही नोंद दुसरीकडे. नोंदी एकमेकींना कितीही छेदोत, कोणाचं काही बिघडत नाही. मी आधी अक्षरं मोजून नोंदी केल्या आणि तोंडावर आपटलो. आपल्याला एक दिसणारं 'क्षि' युनिकोडमध्ये ४ चिन्हांचं असतं, यूटीएफ-८ मध्ये १२ बाइटचं. एका प्रोग्रामने चिन्हं मोजली, दुसऱ्याने बाइट. त्यात मी एक अनुस्वार दुरुस्त केला आणि पुढच्या सगळ्या नोंदी सरकल्या! आता प्रत्येक शब्दाला कायमचा क्रमांक दिलाय आणि नोंदी त्याकडे बोट दाखवतात. झाडात राहते फक्त ओवी, कारण लोक संदर्भ देतात तो ओवीच्या क्रमांकाने.

एवढा खटाटोप कशाला, असं एका मित्राने विचारलंच. ओवीनिहाय शोध दिला की झालं! नाही झालं. फाइल ओवीपाशी तोडली की शोधात एकच ओवी हाती येते. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा सुविचार बघा: उपमा तेवढी येते, ती कशासाठी दिली होती ते मागेच राहतं. परवा बाबांनी जुन्या फाइलवर असाच एक दृष्टांत शोधला, आणि 'तैसें' सापडेना म्हणून शेवटी कपाटातलं पुस्तक काढलं.

नव्या पद्धतीने पहिला अध्याय झालाय. दुसऱ्यात श्रीकृष्ण बोलायला लागतात. तिथे संवादात उपमा, उपमेत आणखी एक उपमा. या रविवारी बसतो.