लसीचे कार्ड आणि पालकांचे प्रश्न

पुण्यातील प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. लस जन्मली होती. ती माणसांपर्यंत पोहोचायची होती. सव्वाशे वर्षे लोटली, तरी हे अंतर पुरते मिटलेले नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराने बालके दगावली. गोवराची लस तेव्हा सरकारी दवाखान्यांत मोफत मिळत होती.

अशा वेळी पालकांना अडाणी ठरविण्याची घाई होते. ती मला अन्यायाची वाटते. तान्ह्या लेकराला सुई टोचताना आईच्या मनात शंका येणे हे तिच्या काळजीचेच रूप आहे. शंकेला उत्तर द्यावयाचे असते.

लस घेतल्यावर ताप का येतो? शरीर रोगाशी लढण्याचा सराव करते म्हणून. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, आणि तिच्यावर तत्काळ उपचार व्हावेत म्हणूनच लसीनंतर अर्धा तास केंद्रात थांबवितात. किरकोळ सर्दी-खोकला असताना लस पुढे ढकलण्याचे कारण नाही. गोवराच्या लसीमुळे स्वमग्नता येते, हा समज १९९८ साली इंग्लंडमधील एका शोधनिबंधातून पसरला. तो निबंध प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली. तीतही असा संबंध आढळला नाही.

‘रोग दिसतच नाही, मग लस कशाला?’ हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तो लसीच्या यशातूनच उपजला आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ‘देवी’ने विद्रूप झालेले चेहरे पाहिले होते, त्यांना समजावून सांगावे लागत नसे. २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही, म्हणून आजच्या तरुण पालकांना त्याचे भय उरलेले नाही. मात्र गोवर अत्यंत संसर्गजन्य आहे. शंभरांतील सुमारे पंच्याण्णव मुले संरक्षित असतील तरच उरलेल्या दुबळ्या बालकांना आडोसा मिळतो. जिथे शंभर मुले एका छताखाली झोपतात व एका पंगतीत जेवतात, त्या वसतिगृहाला हे वेगळे सांगावयास नको.

तथापि, नकार देणाऱ्यांपेक्षा राहून गेलेल्यांची चिंता मला अधिक वाटते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबाचे गाव बदलते, कार्ड हरवते, लसीकरणाच्या दिवशी मजुरी बुडते. मग ‘आता उशीर झाला’ या समजुतीने पुढचे डोसही राहतात. हा समज खोटा आहे. चुकलेला डोस वयानुसार नंतर देता येतो आणि सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. धनुर्वात व घटसर्प यांची लस तर दहाव्या व सोळाव्या वर्षी पुन्हा द्यावयाची असते, म्हणजे मूल वसतिगृहात असतानाच.

म्हणून निवासी शाळांनी प्रवेशाच्या वेळी दाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्डही मागावे, असे माझे मत आहे. कार्ड नसले म्हणून प्रवेश मात्र नाकारू नये. तसे केल्यास ज्या लेकरांना शाळेची सर्वाधिक गरज आहे, तीच दाराबाहेर राहतील. शाळेने त्यांची नोंद करून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने राहिलेल्या लसी पूर्ण कराव्यात, आणि पालकसभेत परिचारिकेस बोलावून शंकांना मोकळी वाट द्यावी.

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत एवढे एक काम अंगावर घ्यावे : शेजारच्या घरातील कार्ड पाहावे, आणि एखादी ओळ कोरी दिसली तर त्या मातेसोबत केंद्रापर्यंत चालत जावे.