लेपर्ड गेको खात नाही? खाद्य बदलण्याआधी तापमान बघा

पाळीव लेपर्ड गेकोनं खाणं सोडलं की अनेक जण लगेच खाद्य बदलतात. माझ्या मते पहिली चूक इथंच होते. आधी थर्मामीटर बघा.

कारण काय? ही पाल थंड रक्ताची. अन्न पचवायला लागणारी ऊब तिला बाहेरून मिळवावी लागते. टाकीच्या एका बाजूची जमीन साधारण ३२ अंश सेल्सिअस हवी, दुसरी बाजू त्याहून थंड. ऊब कमी पडली की गिळलेला किडा नीट पचत नाही. त्यावर आणखी भरवलं, तर त्रास वाढतो.

काय द्यायचं? जिवंत रातकिडे, अधूनमधून मीलवर्म. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. त्याला कॅल्शियमची पावडर लावा. घरात पकडलेलं झुरळ नको, त्यावर औषध फवारलेलं असू शकतं. फळं-भाज्या नकोत. खाली वाळूही नको, ती पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं.

शेपटीवर लक्ष ठेवा, चरबी तिथंच साठते. ती बारीक होऊ लागली, तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

महागडी टाकी घ्यायची आणि थर्मोस्टॅटवर काटकसर करायची, याची किंमत मुका जीव मोजतो.