कंपनी काढायच्या आधी ऑफर लेटर नीट वाचा

कल्याण-डोंबिवलीहून लोकल पकडून ठाण्याला, ऐरोलीला, पवईला जाणाऱ्या कित्येकांच्या गळ्यात ज्या कंपनीचं ओळखपत्र असतं, त्या कंपनीचे ते नोकरदार नसतातच. काम तिथे, बॉस तिथला, पण पगार देते माणसं पुरवणारी वेगळीच एजन्सी. याला थर्ड पार्टी पेरोल म्हणतात. वर्ष-दोन वर्षं असं काढल्यावर कुणीतरी सांगतं, ‘एजन्सी मधल्यामध्ये खाते, तू स्वतःची कंपनी काढ.’ मग प्रायव्हेट लिमिटेड नोंदवून देणाऱ्यांच्या जाहिराती डोळ्यांत भरू लागतात. अशा वळणावर उभ्या असलेल्या मुला-मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे : घाई करू नका. एकच क्लायंट असणाऱ्या, वर्षाला दहा-पंधरा लाख कमावणाऱ्या माणसाला कंपनीची गरज बहुधा नसते. त्याची खरी निवड एजन्सीचा पेरोल आणि स्वतःच्या नावाने व्यवसाय या दोहोंतच असते.

आधी पेरोल पाहू. एजन्सी म्हणाली, ‘महिना एक लाख.’ हा आकडा सीटीसीचा आहे, हातात येणारा नाही. त्यात बेसिक पन्नास हजार धरलं आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला, तर तुमच्या वाट्याचे ६,००० जातात आणि मालकाच्या वाट्याचे ६,००० सुद्धा त्याच लाखातून जातात. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे २,४०० बाजूला पडतात, व्यवसाय कराचे २०० जातात. उरतात पंच्याऐंशी हजारांच्या आसपास, त्यातूनही विम्याचा हप्ता जाऊ शकतो. यातले पीएफचे बारा हजार तुमचेच आहेत, म्हणून त्यांना तोटा समजू नका. ग्रॅच्युइटीचं मात्र विचारा. एरवी ती पाच वर्षं पूर्ण केल्यावर मिळते, पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतरच हक्क येतो. तुमच्या पत्रावर ‘फिक्स्ड टर्म’ लिहिलंय का, ते बघा. लिहिलं नसेल तर वर्षा-दोन वर्षांत सोडताना ते पैसे तुम्हाला मिळणार नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न मुलाखतीत कुणी विचारत नाही. क्लायंटने काम थांबवलं, तर पुढचं काम मिळेपर्यंत एजन्सी पगार देणार का? देणार असेल तर ती खरोखर तुमची मालक आहे आणि तिने मधला वाटा घेण्यात काही गैर नाही. देणार नसेल, आणि वर तुमच्याकडून तीन महिन्यांची नोटीस मागत असेल, तर तो करार तुमच्या बाजूचा नाही. उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. क्लायंटला तुमच्या नावाने किती बिल लावता, हेही विचारा. सगळे सांगणार नाहीत, पण विचारल्याने पुढच्या वाढीच्या वेळी बोलायला जागा राहते.

पगारातून पीएफ कापला म्हणजे तो भरला असं समजू नका. मालकाने तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा आणि नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. दोन महिने नोंद नसेल तर आधी एजन्सीला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर ऑनलाइन तक्रार करा किंवा वागळे इस्टेटमधलं भविष्यनिधी कार्यालय गाठा. पीएफमध्ये नाव चालू असेपर्यंत आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने असते : नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना ठेवीशी जोडलेल्या विम्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. ज्या घरात एकच कमावता आहे, तिथे ही बाब हलकी नाही.

आता स्वतःच्या नावाने काम. तेच एक लाख तुम्ही बिल लावून घेतले, तर क्लायंट साधारण दहा टक्के टीडीएस कापून नव्वद हजार देईल. इंजिनिअर, आर्किटेक्ट, आयटीवाले, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना, जी तरतूद लोकांच्या तोंडी ‘४४एडीए’ म्हणून आहे तिच्याखाली, निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. मर्यादा पन्नास लाखांची, आणि रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंचाहत्तर लाखांची. बारा लाखांवर सहा लाख उत्पन्न धरलं, तर नव्या कररचनेत कर शून्य येतो आणि कापलेले एक लाख वीस हजार रिफंडमध्ये परत मिळतात. वीस लाखांच्या आत जीएसटीची नोंदणी लागत नाही. एकट्याने काम करत असाल तर गुमास्त्याचं काम ऑनलाइन सूचनेवर भागतं. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० भरायचे.

हे ऐकून सगळ्यांना मोह होतो, आणि गफलत इथेच होते. घोडबंदर रोडला किंवा खडकपाड्याला फ्लॅट बघायला निघालात की बँक रिटर्न मागते, तेही दोन-तीन वर्षांचे. रिटर्नमध्ये सहा लाख दाखवले असतील तर बँक हिशोब साधारण सहा लाखांचाच धरते. कर वाचला, पण कर्ज निम्म्यावर आलं. पुढच्या दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर पेरोलवरच राहा, किंवा खरं उत्पन्न जास्त असेल तर तेवढंच दाखवा. निम्मा हा किमान आकडा आहे, खरा नफा जास्त असेल तर तो दाखवणं हेच कायद्याला धरून आहे. आजारपणाचा विमा, सुट्टीचे दिवस, म्हातारपणाची तरतूद हे सगळंही स्वतःच्या खिशातून उभं करायचं असतं. म्हणून पेरोलच्या आकड्यापेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्त दर मिळत नसेल तर स्वतःच्या नावाचा नाद करू नका, असं मी सांगतो. आणि वेळ, रजा, बॉस सगळं नोकरीसारखंच असेल, फक्त कागदावर ‘कन्सल्टंट’ असाल, तर जोखीम तुमच्या गळ्यात आणि हक्क मात्र नाहीत, अशी गत होते.

व्यवसायच करायचा तर पहिल्याच दिवशी उद्यम नोंदणी करा. ती फुकट आहे, कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. मोठ्या क्लायंटच्या अकाउंट्स विभागाला बिलावरचा उद्यम क्रमांक दिसला की फरक पडतो.

मग कंपनी कधी? हाताखाली माणसं घ्यायची असतील, भागीदार असेल, चूक झाली तर मोठ्या नुकसानभरपाईचा धोका असेल, किंवा क्लायंट एकट्या माणसाशी करारच करत नसेल तेव्हा. एकट्यासाठी ओपीसी म्हणजे एका माणसाची कंपनी आहे, पण ऑडिट तिलाही दरवर्षी लागतंच, उलाढाल कितीही लहान असो. वर सांगितलेली निम्म्या उत्पन्नाची सवलत कंपनीला नाही. कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नसतात, ते पगार म्हणून किंवा लाभांश म्हणून बाहेर काढावे लागतात. वार्षिक फॉर्म चुकला तर दर फॉर्ममागे दिवसाला शंभर रुपये चढतात. २०१७ साली सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं रजिस्टरमधून काढली. सलग तीन वर्षं हिशोब न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात.

ब्रिटनला गेलेल्या आपल्या मुलांनाही हाच पेच पडतो. तिथे एजन्सीसारख्या ‘अंब्रेला’ कंपन्या असतात, आणि मालकाच्या वाट्याचा पंधरा टक्के नॅशनल इन्शुरन्स तिथेही ठरलेल्या दरातूनच कापला जातो. शिवाय एप्रिल २०२१ पासून मोठ्या आणि मध्यम खासगी क्लायंटकडे काम करताना तुमची लिमिटेड कंपनी करापुरती खरी मानायची की नाही, हे क्लायंटच ठरवतो. तिथे व्हिसाच्या अटी आधी वाचा, दराचं नंतर बघा.

आज पेरोलवर असाल आणि बदल करायचाच असेल, तर मार्चअखेर करा म्हणजे वर्षाचा हिशोब एकाच पद्धतीचा राहील. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. फॉर्म १६ आणि अनुभवाचं पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आणि पीएफ काढून कंपनीत घालू नका. तो आहे तिथेच राहू द्या. पुन्हा नोकरी धरलीत तर त्याच यूएएनला जोडता येतो.